फाट्यावरची बाभळीची फांदी

चिकलठाणा
२३ सप्टेंबर २०१८

मेंढरांच्या मागं आयुष्य काढणाऱ्या माझ्या दादाला रत्नमालेचा नमस्कार. मायच्या पाया पडते, तिला मोठ्यानं सांग.

तुझी भाची ज्ञानू मला हसते. म्हणते, "आई, आता कोण पत्र लिहितं?" मी तिला सांगितलं, तुझ्या मामाचे कान सहाव्या वर्षी गोवरात गेले. मी आश्रमशाळेच्या वसतिगृहात असल्यापासून आम्ही दोघं कागदावरच बोलतो. तर ती म्हणाली, मग भांडता कसे? म्हटलं, भांडायचं असलं की शाई जास्त लागते.

आता मुद्द्यावर येते. मी कंपनीतल्या पोरांसाठी डबे करते ते तुला ठाऊकच आहे. नवा पोरगा डबा लावायला निघाला की तासभर कॉलनीत गरगर फिरतो आणि भलत्याच दारात उभा राहून "काकू, आज भाजी कुठली?" विचारतो. इथं दर सहा महिन्यांनी नवी गल्ली उगवते. गल्लीला नाव नाही, घरावर नंबर नाही. मग ज्ञानूनं मला फोनमधला नकाशा दाखवला. त्यात आपल्याला जागा घालता येतात, दादा! बोट ठेवायचं, नाव लिहायचं, आणि आणखी चार जणांनी खरं म्हटलं की ती जागा सगळ्यांना दिसायला लागते. मी आतापर्यंत त्रेचाळीस जागा घातल्या. पिठाची गिरणी, पंक्चरवाला, अंगणवाडी, औषधाचं दुकान, नळाचा चौक. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला झटका आला तर अॅम्ब्युलन्स न चुकता दारात आली. त्यांची सून मला म्हणाली, "ताई, तुम्ही गल्ली टाकली म्हणून." मी दोन दिवस हवेत होते.

मग एका दुपारी डबे गेल्यावर मी आपली वाडी शोधली. लासूर स्टेशन दिसलं. वैजापूरचा रस्ता दिसला. आपला फाटा दिसला. पुढं काहीच नाही. ओढ्याची एक निळी रेघ आणि बाकी सगळा राखाडी रंग. मी दोन बोटांनी मोठं करत गेले, तर राखाडी रंगच मोठा होत गेला. खरं सांगते, मला रडू आलं. एवढी बावीस घरं, एवढी माणसं, आणि मुंजाबाची वाडी जगात नाहीच?

तर तू मला फाट्यापासून वाडीपर्यंत चालत चालत लिहून पाठव. काय लागतं, कुणाचं घर, कुठं वळायचं. मी एक एक घालते.

आणि दिवाळीला मुराळी म्हणून कोण येणार तेही लिही. न्यायला कुणी आलं नाही त्याला तीन वर्षं झाली. दरवेळी तुझं काहीतरी निघतं. या वर्षी ऐकणार नाही. (हे मी मुद्दाम लिहिलं. ऐकत तर तू कधीच नाहीस.)

तुझी रत्ना

---

मुंजाबाची वाडी
११ ऑक्टोबर २०१८

चि. रत्नास,

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी लासूरच्या पोस्टात मिळालं. तिथंच कट्ट्यावर बसून दोनदा वाचलं आणि घरी येऊन मायला वाचून दाखवलं. तू म्हणतेस वाडी जगात नाही. मी बाहेर जाऊन बघितलं, जागेवर आहे.

तर चल माझ्यासंगं. फाट्यावर उतरलीस की डाव्या हाताला दोन लिंब. त्यांच्यामधून गाडीवाट. ओढा ओलांडला की चढ, चढाला तुला नेहमी धाप लागायची आणि तू चप्पल मोडल्याचं सोंग करून बसायचीस. तो दगड पण आहे तिथंच. चढ संपला की पहिलं घर गोजरबाईचं. ती अजून कुणीही आलं की "कोन हाय रं?" म्हणून ओरडते, असं म्हणतात. मी तिचं तोंड हललं की हात वर करतो. पुढं सांडूची गिरणी. मग शाळेची एक खोली, पुढं बिरोबाचा ओटा, ओट्यामागं आमचं घर, म्हणजे आपलं.

आणि ओट्यासमोर आड. पणजोबानं, मुंजाबानं, स्वतः खणलेला. बहात्तर साली सगळा मुलूख कोरडा होता तेव्हा याला पाणी होतं, हे तू आज्याच्या तोंडून शंभरदा ऐकलंस. आजही आठ हात दोर सोडला की घागर बुडते. बारमाही म्हणून लिही.

माय बरी आहे. तुझ्या भावजयीनं, मनकर्णानं, नवी गोधडी शिवायला घेतली आहे. तुझ्या जुन्या परकराचा तुकडा पण घातला त्यात.

दिवाळीचं बघू. मेंढरं कुठं असतील त्याच्यावर आहे.

अजिनाथ

---

चिकलठाणा
२५ ऑक्टोबर २०१८

माझ्या दादास,

तुझ्या पत्राबरोबर मी चालून आले. दगडावर बसलेसुद्धा.

वाडीचं नाव मंजूर झालं! ज्ञानूनं फोन माझ्या हातात दिला, मी तो ह्यांना दाखवला, डबा न्यायला आलेल्या चार पोरांना दाखवला. एक बिहारचा पोरगा म्हणाला, "आंटी, बहुत बढ़िया जगह लगती है." त्याला दिसलं होतं एक नाव आणि भोवती राखाडी रंग, पण माझं तोंड बघून त्यानं म्हटलं असेल.

शाळा, गिरणी, बिरोबाचा ओटा घातलाय. आड अजून तपासायला आहे. तिथं प्रश्न येतात, पाणी पिण्याचं आहे का, वर्षभर असतं का. मी दोन्हीला हो म्हटलं.

ज्ञानू म्हणते, "आई, तू सगळ्या कॉलनीची घरं टाकलीस, आपलं का नाही टाकत?" मी म्हटलं, आपल्याकडं येणाऱ्याला आपलं घर माहीत आहे. तू वास्तुशांतीला आला होतास ना, तेच घर.

हे म्हणतात, बसमध्ये बस आणि जा, मुराळी कशाला पाहिजे. यांना काय कळणार? मूळ आल्याशिवाय माहेराची वाट धरायची नाही, असं मायनं मला बोळवताना सांगितलं होतं. बस मला फाट्यावर सोडेल. माहेरी मला तूच नेशील.

मी वसुबारसेपासून बॅग भरून ठेवते.

रत्ना

---

चिकलठाणा
१६ नोव्हेंबर २०१८

दादा,

बॅग आज रिकामी केली. भाऊबीज होऊन आठवडा झाला.

ओवाळायचं ताट मी दुपारपर्यंत झाकून ठेवलं होतं. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की दारात जायचे. संध्याकाळी ज्ञानू म्हणाली, आई, चंद्राला ओवाळ. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, दादा. मला भाऊ आहे. मी ताट तसंच आत नेलं.

मनकर्णावहिनीला माझं येणं नको असेल तर तसं लिही. मायला माझी आठवण होत नसेल तर तसं लिही. गप्प बसू नकोस. आपल्या दोघांमध्ये गप्प बसणं म्हणजे पत्र न लिहिणं, आणि तू महिनाभर लिहिलं नाहीस.

रत्नमाला

---

मुंजाबाची वाडी
३० नोव्हेंबर २०१८

चि. रत्नास,

रागावलीस, बरोबर आहे. मेंढरांना खुरांचा रोग आला होता, कळप सोडून हलता आलं नाही. मनकर्णाला काही बोलू नकोस, ती तुझ्या नावाचं पुरण वाटून बसली होती.

इथं सगळं ठीक आहे. आडाला पाणी आहे. काळजी करू नकोस.

अजिनाथ

---

चिकलठाणा
२२ डिसेंबर २०१८

दादास,

आड मंजूर झाला. नकाशात निळ्या थेंबाची खूण आली आहे आणि खाली मी लिहिलेलं दिसतं: "मुंजाबाचा आड. पिण्याचं पाणी. बारमाही." तुझ्यावर राग आहे, पण हे कळवायला हवं होतं म्हणून लिहिलं.

रत्ना

---

मुंजाबाची वाडी
२७ जानेवारी २०१९

रत्ना,

हे पत्र मायला वाचून न दाखवता लिहितो आहे. पहिल्यांदा हे कर, पुढचं नंतर वाच. नकाशातून तो आड काढ.

मंगळवारी उन्हं चढल्यावर चढावरून एक कळप वर आला. दीडशे मेंढरं, दोन घोडी, नवराबायको. वैजापूरच्या पलीकडचा आदिनाथ आणि त्याची लक्ष्मीबाई, आपल्यातलेच. गोदाकाठाला चालले होते. रस्ता सोडून चार किलोमीटर आत का वळले, मला कळेना. आदिनाथनं फोन काढून माझ्यासमोर धरला. त्यावर निळा थेंब होता आणि तू लिहिलेलं होतं.

तो आडापाशी गेला, वाकला, खडा टाकला. खड्याचा आवाज मला काय ऐकू येणार? मी त्याचं तोंड बघत होतो. तेवढ्यावरून कळलं.

आड तीन वर्षं तळाला लागला होता, गेल्या चैत्रात पार आटला, रत्ना. वाडीत चार माणसं आहेत. आम्ही तिघं आणि गोजरबाई. सांडू गिरणी बंद करून वाळूजला कामाला गेला. शाळेला पोरंच नाहीत. बाकी घरांना कुलपं. टँकर चार किलोमीटरवर मोठ्या गावात येतो, तिथून दर दोन दिवसांनी मी घोडीवर चार कॅन आणतो. मी तुला जी वाडी लिहून पाठवली ती तू सोडून गेलीस तेव्हाची होती.

आमच्याकडं होतं ते पाणी लक्ष्मीबाईनं कोकरांपुरतं घेतलं. तरी दोन कोकरं ओढ्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीत. जाताना तिनं मला विचारलं. हळू बोलली, म्हणून ओठ नीट वाचता आले. "दादा, हे कुनी लिवलं?" मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं नुसता पदर सारखा केला आणि कळपामागं गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला आपली रीत आठवत असेल. जिथलं पाणी आटलं त्या वाटेच्या तोंडाला बाभळीची फांदी आडवी टाकायची. मागून येणारा धनगर कुठलाही असो, फांदी बघून वळतो. कुणाशी वैर असलं तरी पाण्याचं खोटं सांगायचं नाही. आड आटला तेव्हा मायनं मला सांगितलं होतं, "जा, फाट्यावर फांदी टाकून ये." मी गेलो नाही. फांदी टाकली म्हणजे वाडी संपली असं आपल्याच हातानं म्हणायचं, ते माझ्याच्यानं झालं नाही. आणि तू तर म्हणत होतीस वाडी जगात दिसायला पाहिजे. मला वाटलं, कागदावर तरी भरलेली दिसू दे पोरीला. तो कागद असा चालत जाऊन आदिनाथच्या हातात पडेल हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी जाऊन फांदी टाकून आलो.

एवढं सांगितलं तर उरलेलंही सांगतो. मेंढरांना रोग नव्हता. तीन वर्षं तुला न्यायला आलो नाही, कारण उंबऱ्याशी तुझ्या पायावर घालायला पाणी कुठून आणू, ही लाज. या दिवाळीला मायनं ढकललंच. धनत्रयोदशीला लासूरहून पॅसेंजर धरली आणि चिकलठाण्याला उतरलो.

मला तुझ्या वास्तुशांतीच्या वेळची दारापुढची चिंच आठवत होती आणि चिंचेपलीकडचं ज्वारीचं शेत. चिंच नव्हती. शेत नव्हतं. सगळी घरं सारखी, सगळ्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या. तुझं नाव लिहिलेला कागद मी लोकांना दाखवला. ते बोलायचे, मी त्यांच्या बोटाकडं बघायचो आणि बोट गेलं तिकडं चालायचो. तुमच्या कॉलनीतल्या पिठाच्या गिरणीपाशी दोनदा आलो. तीन तासांनी पुन्हा स्टेशन दिसलं, तर तिथंच बसलो. मायनं तुझ्यासाठी तिळाचं गाठोडं दिलं होतं, ते तसंच घेऊन परत आलो. मायला सांगितलं, रत्ना घरी नव्हती.

आता तुला काय लिहायचं ते लिही.

अजिनाथ

---

चिकलठाणा
४ फेब्रुवारी २०१९

दादा,

आड काढला नाही. काढला तर पुन्हा तिथं राखाडी रंग होईल आणि आणखी कुणीतरी आशेनं वळेल. त्या जागेवर मी असं लिहिलं आहे: "मुंजाबाचा आड. कोरडा. जनावरं घेऊन वळू नका." तुझी फांदी फाट्यावर, माझी इथं.

तुझ्यावर चिडायचं म्हणून दोनदा बसले. पण खोटं तू एकट्यानंच लिहिलं नाहीस. "हो" वर बोट मी ठेवलं होतं. वर्षभर पाऊस नाही हे मला इथं दिसत नव्हतं का? आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते मी तुला कधी कळवलं नाही. मलाही माहेर भरलेलं हवं होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. त्या दोन कोकरांचं ओझं अर्धं माझ्याकडं दे.

आता दुसरं. गिरणीपाशी तू दोनदा आलास. दादा, गिरणीपासून माझं घर साठ पावलांवर आहे. तुझं पत्र वाचून मी चालत जाऊन मोजलं. साठ. त्या दिवशी मी करंज्या तळत होते आणि रिक्षाच्या आवाजाकडं कान लावून बसले होते. तू चालत येशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळ्या कॉलनीची दारं मी नकाशात उघडली आणि माझ्याच भावाला माझं दार सापडलं नाही. रडून रडून माझे डोळे सुजले, हे म्हणाले भाकरी जळतेय.

त्याच दिवशी घर घातलं. ज्ञानूनं विचारलं, "प्रकार काय लिहू? दुकान, दवाखाना, खाणावळ?" म्हटलं, खाणावळ लिही. नाव, "रत्नमालेची खाणावळ". खाली लिहिलं आहे, मुंजाबाच्या वाडीच्या माणसांनी थेट आत यावं. मंजूर झालं. सांडूकडं जुना फोन असेल तर माग आणि शिकून घे. त्याला कान लागत नाहीत, डोळे पुरतात.

आणि आता खरं लिहून पाठव. आड नाही, तर कुठं आहे पाणी? तुम्ही गोदाकाठाला जाता त्या वाटेवरची प्रत्येक जागा लिही. कुठला हापसा चालतो, कुठला मालक कळपाला हाकलत नाही, कुठं फांदी पडली आहे. तू बघून लिही, मी घालते. आदिनाथकडून पण विचारून घे.

रत्ना

---

गोदाकाठ, कायगावच्या अलीकडं
१४ एप्रिल २०१९

चि. रत्नास,

वाटेत आहोत म्हणून उशीर झाला. माय आणि मनकर्णा पण बरोबर आहेत. गोजरबाई येत नव्हती, तिला घोडीवर बसवलं, ती वाटभर घोडीशी भांडते.

आदिनाथची गाठ पडली. मी त्याच्यासमोर जायला भीत होतो. तोच आला आणि पहिल्यांदा फोन काढून तू लिहिलेलं "कोरडा" दाखवलं. म्हणाला, "आता बराबर लिवलंया." मग आम्ही दोघांनी मिळून तुला हवं ते जमवलं. लासूरच्या बाहेर, रेल्वेच्या पुलाखाली डबकं आहे, जनावरांना चालेल, माणसांनी पिऊ नये. तिथून पुढं डोंगराकडं वळू नये, तिन्ही वाटांना फांद्या आहेत. काकासाहेब म्हणून एक बागायतदार आहे, मोसंबीची बाग जळाली त्याची, तरी हौदात कळपापुरतं सोडतो. बदल्यात दोन रात्री मेंढरं त्याच्या रानात बसवायची, लेंडीखतासाठी. पण त्याच्याकडं सकाळीच जावं, दुपारी कुत्री मोकळी असतात, हे नक्की लिही. त्यापुढच्या देवळाशेजारचा हापसा चालतो, मात्र शंभर झटके मारल्यावर, आधी सोडून जाऊ नये. बाकीच्या नऊ जागा मागच्या पानावर आहेत.

सगळ्या माझ्या डोळ्यांनी बघितलेल्या आहेत.

सांडूनं जुना फोन दिला. बायका-पोरं जमून मला शिकवतात आणि हसतात.

मायला मी सगळं सांगितलं, तिळाच्या गाठोड्याचंसुद्धा. ती म्हणाली, गाठोड्याची गाठ तिची तिनं ओळखली होती, ती न सुटता परत आली तेव्हाच तिला कळलं होतं. मग माझ्या तोंडापुढं येऊन, मला नीट दिसेल असं बोलली. "पोरीच्या पायावर घालाया तांब्याभर पानी लागतं. तांब्याभर पानी कंच्या बी दुस्काळात निघतं. तू काय तीन वर्सं तळं भरायची वाट बघत व्हतास व्हय?"

अजिनाथ

---

मुंजाबाची वाडी
२६ जुलै २०१९

चि. रत्नास,

पेरणीपुरता पाऊस झाला, आडापुरता नाही. आम्ही परत आलो आहोत. सांडूची बायको पण आली आहे, गिरणी झाडून ठेवली आहे.

पंचमीच्या आदल्या दिवशी येतो. बॅग भर.

अजिनाथ

---

चिकलठाणा
१० ऑगस्ट २०१९

माझ्या दादास,

काल घरी पोचलो. ज्ञानू अजून वाडीतच आहे, म्हणजे तिचं शरीर इथं जेवतं आणि बोलणं सगळं गोजरबाईचं. कुणी दार वाजवलं की ओरडते, "कोन हाय रं?"

मी मात्र आल्यापासून दोनदा मीठ विसरले. माहेराहून आल्यावर पहिले दोन दिवस मला कशातच चव लागत नाही. चार दिवस राहिले, मायच्या शेजारी झोपले, त्या गोधडीत माझ्या परकराचा तुकडा शोधला आणि सापडला. तरी पोट भरलं नाही. कुलपं लावलेली घरं मोजली. एकोणीस. सांडूचं उघडलं म्हणून एकोणीस. मी नकाशात काही बदललं नाही, घरं तिथंच आहेत, माणसं येतील तेव्हा येतील.

फाट्यावर तू फांदी बाजूला करायला वाकलास, आठवतं? मी तुझा हात धरला. आज तरी ही आडवी नको, तू म्हणालास, माझी बहीण येतेय. मी म्हटलं, राहू दे, मागून कुणी येत असेल. आपण ती ओलांडून गेलो. चढावर मला खरंच धाप लागली, सोंग नव्हतं. आणि उंबऱ्याशी मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या वाकवला. एवढंसं पाणी होतं, दादा, अंगठे भिजले आणि मातीनं लगेच पिऊन टाकलं. त्या पाण्यासाठी तू तीन वर्षं थांबलास. मी असते तर तीन दिवस थांबले नसते, पण मी मुलगी आहे, मला बोलवायला लागतं.

फांदी आता पार वाळली आहे. आड भरला नाही तर नवी टाक. भरला तर काढ आणि त्याच दिवशी मला कळव, मी लगेच बदलेन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. तुझ्यासमोर मला ते सांगता आलं नाही. मी बोलले असते तर तू माझे ओठ बघितले असतेस आणि माझे ओठ थरथरले असते.

तू मला न्यायला आलास त्या दिवशी मी भाकरी थापत होते. सांडूनं तुला फोन दिला, तो त्याच्या गिरणीतला, आवाज सगळ्यात मोठा करून ठेवलेला. तुला ते ठाऊक नव्हतं. त्या नकाशात एक बाई बोलते, हिंदीतून. मला आधी ती लांबून ऐकू आली, इथल्या गिरणीच्या बाजूनं. "दाएँ मुड़ें." मला वाटलं कुणाचा तरी रेडिओ. मग जवळ. मग गल्लीच्या तोंडाला. शेजारच्या बाया दारात आल्या. आणि मग आमच्या खिडकीखाली ती बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. तू रस्त्याच्या मधोमध उभा होतास, बगलेत तिळाचं गाठोडं, फोन डोळ्यांजवळ धरलेला, घामानं भिजलेला. सगळी गल्ली तुझ्याकडं बघत होती आणि तू अजून घर शोधत होतास. मी मुद्दाम हाक मारली नाही. तू मान वर करून बघेपर्यंत मी तशीच उभी राहिले. सगळ्यांना ऐकू गेलं होतं, तुलाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आता लिहून कळवते.

दादा, तू पोचला होतास.

तुझी रत्ना